मांजरीची पन्नास वर्षे आणि गाडीतलं इथेनॉल

टनामागे एक रुपया. महाराष्ट्रातले साखर कारखाने गाळलेल्या उसाच्या हिशोबातून एवढी रक्कम पुण्याजवळच्या मांजरी बुद्रुकला पाठवतात आणि तिच्या बळावर वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उभी आहे. साखरधंद्यातली माणसं तिला नुसतं ‘व्हीएसआय’ म्हणतात. उसाचं बेणं, माती परीक्षण, कारखान्याचा बॉयलर, साखरेचा उतारा, डिस्टिलरीतलं यीस्ट, सांडपाणी असं सगळं एका आवारात अभ्यासणाऱ्या संस्था जगात फार थोड्या आहेत. शेतकऱ्यांच्या पैशातून उभी राहिलेली ही त्यांतली एक.

मी मांजरीचा नाही. मी तापीकाठच्या बुऱ्हाणपूरचा, राजघाटाजवळ राहणारा, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडचा मराठी माणूस. तरी या संस्थेची वाटचाल लिहावीशी वाटली, कारण आमच्या पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं असतं. घाटाकडे येणारा जुन्या गाडीचा प्रत्येक मालक एकच विचारतो: हे चांगलं की वाईट? या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मांजरीच्या पन्नास वर्षांत सापडतं.

संस्था स्थापन झाली १९७५ साली, ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’ या नावाने. त्याआधी प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मदतीने सहकारी कारखाना सुरू केला होता आणि पुढच्या पंचवीस वर्षांत दख्खनच्या काळ्या मातीत एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या. कारखाने आले, पण त्यांना लागणारं शास्त्र दूर होतं. उसाच्या वाणांसाठी पाडेगावचं संशोधन केंद्र १९३२ पासून काम करत होतं, पण साखर तंत्रज्ञान शिकायचं तर कानपूर गाठावं लागे. उत्तर प्रदेशातला ऊस वेगळा, हवा वेगळी, गाळपाचा हंगाम वेगळा. आपल्या उसाचे प्रश्न आपल्याच मातीत सोडवावेत, असं सभासद शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या चेअरमन मंडळींनी ठरवलं. सहकारातल्या अनेक निर्णयांवर टीका करता येईल. हा निर्णय मात्र दूरदृष्टीचा होता.

त्याच १९७५ सालच्या नोव्हेंबरात ब्राझीलने ‘प्रोआल्कोल’ कार्यक्रम जाहीर केला. १९७३ च्या तेलसंकटाने त्यांचे डोळे उघडले होते आणि उसापासून गाडीचं इंधन करायचं हे त्यांनी सरकारी धोरण म्हणून स्वीकारलं. १९७९ मध्ये तिथे निव्वळ इथेनॉलवर धावणारी फियाट रस्त्यावर आली. आपल्याकडे १९४८ सालीच पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता, पण तो कागदावर राहिला आणि २००० मध्ये रद्दही झाला. एका देशाने धोरण केलं, दुसऱ्या देशाच्या एका राज्यात त्याच वर्षी शेतकऱ्यांनी संस्था काढली. या दोन रेषा एकमेकींना भेटायला तीस-चाळीस वर्षं जावी लागली.

मधला काळ मळीचा होता. कारखान्यात रस आटवून साखर तीन टप्प्यांत काढतात. पहिल्या उकळीची ए, दुसरीची बी, तिसरीची सी. तिसऱ्यानंतर जो काळाकुट्ट चिकट द्रव उरतो ती सी मळी, आणि तिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही. या मळीचा भाव आणि वाटप १९६१ च्या आदेशाने सरकारच्या हातात होतं, ते १९९३ मध्ये मोकळं झालं. तोवर मळीपासूनचं अल्कोहोल दोनच वाटांनी जाई: दारू आणि रसायनं. मांजरीच्या अल्कोहोल विभागाने या काळात जे काम केलं त्याला प्रसिद्धी मिळाली नाही. मळीत साखर किती, त्यातली आंबते किती, कोणतं यीस्ट उन्हाळ्यातल्या उष्म्यात तग धरतं, आंबवणाच्या टाकीत जिवाणूंचा संसर्ग कसा ओळखायचा, हे डिस्टिलरीवाल्यांना शिकवणं हेच त्याचं स्वरूप. आज राज्यातल्या कोणत्याही आसवनीत गेलात तर मांजरीत शिकलेला एखादा केमिस्ट भेटतोच.

१ मार्च १९८९ रोजी वसंतदादा पाटील गेले आणि त्याच वर्षी संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेला हा माणूस पुढे मुख्यमंत्री झाला, पण त्यांचा जीव साखर कारखानदारीत आणि शेतकऱ्यात होता. संस्थेला त्यांचं नाव शोभतं. तिची ‘ऊस शेती ज्ञानयाग’ आणि महिलांसाठीची ‘ज्ञानलक्ष्मी’ ही शिबिरं पाहिली की ते पटतं. बांधावरच्या बाईला बेणे प्रक्रिया आणि ठिबक शिकवणारी संस्था ही केवळ प्रयोगशाळा राहत नाही.

इथेनॉलचं पहिलं पाऊल वसंतदादांच्याच सांगली जिल्ह्यात, मिरजेला पडलं, हा योग मला महत्त्वाचा वाटतो. २००१ साली केंद्र सरकारने पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळून पाहायचं ठरवलं आणि त्यासाठी तीन जागा निवडल्या. दोन महाराष्ट्रातल्या, मिरज आणि मनमाड, तिसरी उत्तर प्रदेशातली बरेली. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, तिथून खानदेशात टँकर जातात. मिरजेभोवती कारखान्यांची दाटी. प्रयोग यशस्वी झाला आणि जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण लागू झालं.

इथे थोडं तंत्र सांगायला हवं. डिस्टिलरीतून निघणाऱ्या साध्या स्पिरिटमध्ये चार-पाच टक्के पाणी असतंच. कितीही वेळा उकळलं तरी ते सुटत नाही. गाडीसाठी मात्र साडेनव्व्याण्णव टक्क्यांहून शुद्ध अल्कोहोल लागतं. ते शेवटचं पाणी दोन उंच टाक्यांत भरलेल्या झिओलाइटच्या बारीक छिद्रांच्या गोळ्यांमधून वाफ पाठवून काढतात. डिस्टिलरीवाले याला ‘मॉलेक्युलर सिव्ह’ म्हणतात. दारू गाळणारी आसवनी आणि इंधन करणारी आसवनी यांच्यातला मुख्य फरक या दोन उंच टाक्यांचा. त्या बसवायला भांडवल लागतं, आणि माल खात्रीने उचलला जाईल असं वाटल्याशिवाय कोणता चेअरमन कर्ज काढेल?

ती खात्री दहा वर्षं मिळाली नाही. कधी मळीची टंचाई, कधी तेल कंपन्यांशी दरावरून रस्सीखेच, कधी राज्यांचे परवाने आणि कर, शिवाय दारू आणि रसायन उद्योगाची मागणी. २०१३-१४ मध्ये देशातलं मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने दर स्वतः ठरवून लिटरला ४८.५० ते ४९.५० रुपये जाहीर केले, तेव्हा चाकं हलली. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने खरा दरवाजा उघडला: सी मळीबरोबर बी-हेवी मळी आणि थेट उसाचा रसही इथेनॉलला वापरायला परवानगी. २०१८-१९ साठी सीचा दर ४३.४६, बी-हेवीचा ५२.४३ आणि रसाचा ५९.१९ रुपये होता. बी-हेवी म्हणजे तिसरी उकळी घ्यायचीच नाही. साखरेचा उतारा टक्का-दीड टक्का घटतो, पण मळीत साखर राहते आणि एका टन मळीतून इथेनॉल बरंच जास्त निघतं.

कारखान्याच्या तिजोरीत याने काय बदललं, हे शहरातल्या वाचकाला सहज कळत नाही. कायद्याने उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असतात. साखर मात्र गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते आणि भाव पडले की थकबाकी साचते. इथेनॉल टँकरने गेलं की तेल कंपनीचे पैसे साधारण तीन आठवड्यांत जमा होतात. थकीत एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या किमान कायदेशीर दरासाठी, साखर आयुक्तालयावर मोर्चे नेणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. इथेनॉलच्या बाजूने बोलायचं तर मी हा मुद्दा सगळ्यात आधी मांडेन. परदेशी चलनाची बचत दुसऱ्या क्रमांकावर: २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत ती १.४४ लाख कोटी रुपयांहून अधिक झाली, असं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं.

मांजरीत हा काळ धावपळीचा होता. नव्या आसवनीचे प्रकल्प अहवाल, जुन्यांची क्षमतावाढ, तांत्रिक तपासण्या, प्रशिक्षण. स्पेंट वॉशचा प्रश्न तर होताच. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर तपकिरी, गरम, उग्र वासाचं सांडपाणी निघतं. एकेकाळी ते ओढ्यात सोडलं जाई आणि विहिरी लाल होत. आधी बायोगॅस, मग रस गाळून उरलेल्या प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट, आणि आता आटवून बॉयलरमध्ये जाळणं, असा तो प्रवास झाला. जाळल्यावरच्या राखेतलं पालाश पुन्हा खत म्हणून शेतात जातं. हे काम अजून सर्वत्र नीट होत नाही, पण वीस वर्षांपूर्वीची विहीर आणि आजची विहीर यांत फरक आहे. त्याचं श्रेय प्रदूषण मंडळाच्या धाकाला आणि मांजरीसारख्या संस्थांच्या चिकाटीला, दोघांनाही द्यायला हवं.

आता गाडीकडे येऊ. पुण्याच्या एका टोकाला मांजरीत इंधनाचा अभ्यास होतो आणि दुसऱ्या टोकाला, वेताळ टेकडीवर, १९६६ पासूनची एआरएआय ही वाहनांची संशोधन संस्था आहे. २०१४-१५ पासून वीस टक्के मिश्रणावरच्या चाचण्या तिथे, डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेत आणि इंडियन ऑईलच्या संशोधन केंद्रात झाल्या. ५ जून २०२१ रोजी पुण्यातच शंभर टक्के इथेनॉलचे तीन पंप प्रयोग म्हणून सुरू झाले. त्याच दिवशी नीती आयोगाच्या समितीचा आराखडा आला आणि वीस टक्क्यांचं लक्ष्य २०३० वरून २०२५ वर ओढलं गेलं.

फायदे खरे आहेत. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं होतं आणि जास्त दाबाच्या इंजिनात ठोके न देता जळतं. इथेनॉलमध्ये वजनाने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्राणवायूच असतो, म्हणून ज्वलन पुरं होतं. कार्बन मोनॉक्साइड चारचाकीत तीस टक्के आणि दुचाकीत पन्नास टक्क्यांपर्यंत घटतो, असं त्या आराखड्यातच नोंदलं आहे.

तोटेही तितकेच खरे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की प्रत्येक लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी, हा साधा गुणाकार आहे. त्यातलं थोडं चांगल्या ज्वलनातून भरून निघतं, सगळं नाही. दहा टक्क्यांसाठी बनलेल्या आणि विसासाठी जुळवलेल्या गाडीत एक ते दोन टक्के, इतरांत तीन ते सहा टक्के अ‍ॅव्हरेज घटतं, हे मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच सांगितलं. जुन्या गाडीची दुसरी अडचण रबराची. पाइप, सील, गॅस्केट आणि काही प्लॅस्टिकचे भाग इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेला गंज धरू शकतो. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, मर्यादा ओलांडली की पाण्यासह तळाला वेगळं बसतं. पावसाळाभर उभी राहणारी गाडी यामुळे अडते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत हे भाग बदललेले आहेत. माझ्यासारख्यांच्या गाड्या त्याआधीच्या आहेत आणि देशातल्या रस्त्यांवर अशाच गाड्या जास्त आहेत.

२०२१ च्या आराखड्यात दोन शिफारशी होत्या, त्यांची आठवण आज कुणी काढत नाही. एक, जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल पंपावर मिळत राहावं. दोन, ऊर्जा कमी म्हणून या इंधनाचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा. दोन्ही झाल्या नाहीत. दराबाबत सरकारचं उत्तर असं की तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता जुलै २०२५ अखेर त्याची सरासरी खरेदी वाहतूक आणि करासह ७१.३२ रुपयांना पडते, म्हणजे शुद्ध केलेल्या पेट्रोलहून महाग. हे उत्तर खरं आहे. पण पर्यायाचं काय? १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. ब्राझीलचं उदाहरण आपण वारंवार देतो. तिथे आज तीस टक्के मिश्रण आहे, हेही खरं. पण ब्राझीलने २००३ मध्ये कोणत्याही मिश्रणावर चालणारी गाडी आधी बाजारात आणली, आणि तिथला ग्राहक पंपावर उभा राहून निवड करतो.

कारखान्यांनाही धक्के बसले. पाऊस कमी झाला म्हणून ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी आली. आठवड्याभरात ती थोडी सैल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठली, पण कर्ज काढून उभारलेल्या आसवन्या त्या हंगामात अर्ध्यामुर्ध्या चालल्या. दरम्यान मका आणि तांदूळ पुढे गेले. २०२३-२४ मध्ये धान्यापासूनचं इथेनॉल उसाच्या पुढे निघालं, आणि २०२५-२६ च्या वाटपात उसाचा वाटा तीस टक्क्यांच्या आत आला. मका इतका लागला की २०२४ मध्ये तो आयात करावा लागला आणि कोंबडीखाद्यवाल्यांनी आरडाओरड केली. बी-हेवीचा ६०.७३ रुपये दर २०२२-२३ पासून हललेला नाही, उसाची एफआरपी मात्र तेव्हाच्या क्विंटलला ३०५ वरून २०२५-२६ साठी ३५५ झाली. धोरण दर वर्षी बदलणार असेल तर पंधरा वर्षांच्या कर्जाचा हिशोब मांजरीतला कोणताही तज्ज्ञ मांडून देऊ शकत नाही.

आणि पाणी. हा विषय मला सगळ्यात जास्त छळतो. नीती आयोगाच्या त्याच आराखड्याप्रमाणे उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवायला पाण्याची रेल्वे धावली. ती निघाली होती मिरजेहून, जिथे त्याच्या पंधरा वर्षं आधी उसाचं अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळून पाहिलं गेलं. आणि ती पोचली त्या मराठवाड्यात, जिथे नळाला पाणी नव्हतं पण शेतात ऊस होता. मांजरीने ठिबकाचा आग्रह धरला, व्हीएसआय ०८००५ सारखा पाण्याचा ताण सोसणारा वाण दिला, शुगरबीटचे प्रयोग केले, जालना जिल्ह्यात शाखा काढली. हे सगळं योग्य दिशेचं आहे. पण उसाखालचं क्षेत्र कुठे वाढू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगण्याचा अधिकार ज्या संस्थेला आहे तिने तो पुरेसा वापरलेला नाही, असं माझं मत आहे.

आमच्या बुऱ्हाणपुरात हा प्रश्न अनोळखी नाही. १६१५ मध्ये मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याचं झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा इथे बांधला गेला, कारण तापी अंगणात असूनही पाणी जपून वापरायचं असतं हे त्या लोकांना कळत होतं. आज जिल्ह्याचं मुख्य पीक केळी, तीही पाणी पिणारी. झिरीला नवलसिंह सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे ऊसही आहे. उन्हाळ्यात राजघाटाच्या पायऱ्यांवरून नदीकडे पाहिलं की पात्रातला खडक दिसतो. इथल्या शेतकऱ्याने इथेनॉलसाठी आणखी ऊस लावावा असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. मळी आहे तिचं इंधन जरूर करा. खराब धान्य, पऱ्हाटी, केळीचे खांब यांच्यापासून अल्कोहोल काढायचं शास्त्र स्वस्त करता आलं तर फारच उत्तम. पऱ्हाटी आणि केळीचे खांब तापीकाठी दोन्ही ढिगाने पडलेले असतात, आणि धाग्यातल्या सेल्युलोजपासून इथेनॉल करण्याचं काम मांजरीसारख्या संस्थेने इथल्या शेतकऱ्यांबरोबर हाती घ्यायला हवं.

संस्था आता पन्नाशी पार करून पुढे निघाली आहे. टनामागे रुपया देणारा शेतकरी तिचा मालक आहे, म्हणून तिच्याकडे एक मागणं आहे. कारखान्यांच्या गाळपाची, उताऱ्याची आणि आसवनीच्या कार्यक्षमतेची आकडेवारी ती वर्षानुवर्षं गोळा करते, उत्कृष्ट आसवनीचं पारितोषिकही देते. त्यात आणखी एक रकाना घाला: शेतापासून टँकरपर्यंत एका लिटर इथेनॉलला किती पाणी लागलं, कारखानावार. आणि ज्याने ते सगळ्यात कमी केलं, त्याला पहिला क्रमांक द्या.

तेल कंपन्यांकडे दुसरं मागणं. प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एका पंपावर दहा टक्क्यांचा वेगळा नळ ठेवा आणि प्रत्येक नळावर मिश्रणाची टक्केवारी मोठ्या अक्षरांत लिहा. तोवर ज्यांची गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची आहे त्यांनी पेट्रोलचे पाइप आणि सील मेकॅनिककडून वर्षातून एकदा तपासून घ्यावेत, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर तिला मधूनमधून चालवून ताजं पेट्रोल भरत राहावं.